वारा पडल्यावर

वाऱ्याचा आवाज थांबला तेव्हा आधी ऐकू आलं ते पाण्याचं ठिबकणं. कौलांच्या फटींतून, मोडलेल्या आंब्याच्या फांदीवरून, वळचणीला टांगलेल्या जाळ्याच्या गाठीगाठीतून थेंब पडत होते आणि अंगणभर चिरफळलेल्या ओल्या लाकडाचा कडवट-गोड वास भरून राहिला होता. सकाळभर डोंगराकडून सुटलेल्या वाऱ्याने आमची निम्मी कौलं नेली होती. आता डोक्यावर आभाळाचा एक गोल, धुतलेला निळा तुकडा उघडला होता. त्याच्या कडेने ढगांची भिंत उभी होती आणि तिच्यावर ऊन पडलं होतं. अंगणात समुद्रपक्षी उतरून बसले होते, इतके थकलेले की कोंबड्या जवळ गेल्या तरी उडेनात. मला ते सारं फार सुंदर वाटलं. आज हे लिहायला जड जातं, पण खरं तेच आहे.

आमचं घर एका होडीवर चालत होतं. पावसाळ्याचे महिने सुक्या बोंबलांवर आणि भाताच्या पेजेवर निघायचे, आणि होडीला भोक पडलं की घरातल्या सगळ्यांच्या पोटाला पडायचं. म्हणून वारा पडताच बाबा उठले. "चहा तरी घेऊन जा," आई म्हणाली. त्यांनी तो उभ्याउभ्याच घेतला, कप उंबऱ्यावर ठेवला. "दोर बघून येतो. आलोच." शेजारपाजारचे बापयेही खाडीकडे निघाले होते, एकमेकांना हाका मारत, कुणाची कौलं जास्त गेली यावर हसत. माझा धाकटा भाऊ हरेश त्यांच्यामागे धावला तेव्हा बाबांनी त्याला दटावून परत पाठवलं. भात शिजायला लागतो तेवढा वेळ गेला असेल. मग वारा परत आला, आणि यावेळी तो डोंगराकडून आला नाही, समुद्राकडून आला, आणि समुद्राला घेऊनच आला. बाबा सापडले ते पाणी ओसरल्यावर, कांदळवनात.

तो कप आईने पुढे कधी कुणाला दिला नाही. फेकलाही नाही.

ही चूक अडाणीपणाची होती असं कुणी म्हटलं तर मी आजही त्याच्याशी भांडेन. आमच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा असतो, थंडीत उत्तरेचा, आणि या दोन्ही वाऱ्यांत पडलेला वारा म्हणजे संपलेला वारा, हे पिढ्यान्पिढ्यांनी अनुभवाने जाणलेलं सत्य होतं. चक्रीवादळाच्या पोटात एक शांत डोळा असतो, तो डोक्यावरून सरकला की वारा उलट्या दिशेने उठतो, हे आम्हाला कोण सांगणार? तसलं वादळ आमच्याकडे आयुष्यात एखाद्या वेळी यायचं, आणि ज्यांना ते कळायचं ते सांगायला उरायचे नाहीत. मला ते कळलं तालुक्याच्या कॉलेजात, भूगोलाच्या एका पुस्तकातल्या आकृतीत. मध्ये कोरं वर्तुळ, भोवती बाण. त्या कोऱ्या वर्तुळात मला आमचं अंगण दिसलं, ऊन पडलेलं.

बाबांनंतर आई कोळंबी सोलण्याच्या शेडमध्ये कामाला जायची. दिवसभर बर्फात राहून तिची बोटं पांढरी पडत, भेगाळत, आणि संध्याकाळी ती चुलीच्या धगीपाशी धरली की तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं; ती म्हणायची, धूर आहे. आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. हे मी मान ताठ ठेवून सांगते, कारण ती पदवी त्या बोटांनी मिळवलेली आहे.

पुण्याला हवामानशास्त्र शिकले आणि नोकरीसाठी दिल्लीला आले. सुरुवातीला करोल बागेत, स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या मराठवाड्याच्या मुलींबरोबर एका खोलीत राहिले. पुढे नोएडात, जिथे गावांना नावांऐवजी सेक्टरचे आकडे होते आणि मोहरीच्या शेतातून रोज एखादी नवी काचेची इमारत वर येत होती. त्यांतल्याच एका इमारतीत, जहाजांना हवामानाचा अंदाज विकणाऱ्या एका खाजगी कंपनीत माझं टेबल होतं. वारासुद्धा विकता येतो, हे त्या दिवसांतच देशाला नव्याने समजत होतं. समोरच्या पडद्यावर विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंचे समुद्र पसरलेले असत: मॉरिशसजवळ घुसळणारं वादळ, अंदमानच्या खाली जमू लागलेले ढग, सोमालियाच्या किनाऱ्याला घासत येणारा तो दांडगा मोसमी वारा. साऱ्या उष्ण समुद्रांची वादळं त्या खोलीत येत, आणि खिडक्या मात्र न उघडणाऱ्या. टेबलावरचा कागद कधी हलला नाही.

दिवाळीनंतरची दिल्ली मला सगळ्यांत परकी वाटते. पानिपतच्या बाजूने शेतं जाळल्याचा धूर येतो, वारा पडतो, आणि तो धूर पुलांखाली, गल्ल्यांत, माणसांच्या छातीत तसाच साचून राहतो. सूर्य तांब्याच्या जुन्या पैशासारखा दिसतो. घरमालकीण म्हणायची, "बेटा, आज हवा बिल्कुल बंद है," आणि खोकायची. मला त्या पडलेल्या वाऱ्यात खोकला येत नसे. मला पावलं ऐकू येत, खाडीकडे जाणारी.

नेमके याच दिवसांत आपले दोन्ही समुद्र वादळं प्रसवतात. कंपनीने किनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या मोबाइलवर आवाजी इशारे पाठवण्याचं काम घेतलं, मराठीतला आवाज माझा ठरला, आणि ठरलेल्या मजकुरात एक ओळ घालू द्या, असं मी म्हटलं: वारा पडला तरी होडीकडे जाऊ नका.

मेहरासाहेब माझे वरिष्ठ; मराठी समजायचं, बोलायचे हिंदीत. माणूस वाईट नव्हता, उलट विचारी होता, म्हणूनच त्यांच्याशी भांडणं अवघड. "तूफ़ान की आँख किस गाँव के ऊपर से निकलेगी, बता सकती हो?" त्यांनी विचारलं. सांगू शकत नव्हते. "ज़्यादातर गाँवों में हवा थमेगी तो सचमुच थमेगी. लोग दिनभर बैठे रहेंगे, कुछ नहीं होगा, अगली बार तुम्हारी सुनेंगे ही नहीं. तब?"

मुद्दा बिनतोड होता. कित्येक दिवस मी ती ओळ डोक्यात फिरवत राहिले, बसमध्ये, कुकरच्या शिट्ट्या मोजताना. खोटं सांगायचं नव्हतं, आणि जे ठाऊक नाही ते ठाऊक असल्याचा आवही आणायचा नव्हता. शेवटी त्यांच्यासमोर ठेवली ती ओळ अशी: वारा पडला तरी होडीकडे जाऊ नका; 'आता जा' असं आम्ही सांगू, तेव्हाच निघा.

त्यांनी ती दोनदा वाचली. "और ये 'आता जा' कहेगा कौन? उतनी देर स्क्रीन के सामने बैठेगा कौन?"

"मी."

"ग़लत निकला तो गालियाँ भी तुम्हीं खाओगी."

"खाईन सर. घरच्याच असतील."

ते हसले. ओळ इशाऱ्यात गेली.

त्याच हिवाळ्याच्या तोंडाशी अरबी समुद्रात एक वादळ उठलं आणि ईशान्येला वळून आमच्याच किनाऱ्याकडे निघालं. होड्या वेळेत परतल्या, खाडीत नांगरल्या. सकाळी आमच्या गावात डोंगराकडून वारा सुटला, तसाच. दुपारी तो पडला, तसाच. माझा ध्वनिमुद्रित आवाज जेटीवरच्या भोंग्यावर पुन्हापुन्हा लावला जात होता. नोएडात काचेबाहेर राखाडी, निश्चल धूर होता, आणि पडद्यावर डोळ्याभोवतीचं ढगांचं कडं किनाऱ्याला टेकून उभं होतं. ते आत सरकणार की तिथेच विरणार, ते कळेना.

हरेशचा फोन आला. बाबांनंतर किती वर्षं दुसऱ्यांच्या होड्यांवर राबून त्याने आपली होडी उभी केली होती.

"ताय, वारा पडलाय गो. ऊन आलंय. पण खाडीत लाटा शिरतात, होडी नांगर ओढते. एक दोर टाकून येतो. आलोच."

"नाय. थांब."

"कवापत्तर?"

"मी सांगेपर्यंत."

"तू दिल्लीत बसून सांगणार? तुला हितला वारा लागतो काय?" आणि त्याने फोन ठेवला. मी पुन्हा लावला, तो उचलला गेला नाही. आईचाही नाही. मेहरासाहेब माझ्या मागे येऊन उभे राहिले. त्यांनी टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवला. त्या पाण्यावर एक तरंग नव्हता. त्या दुपारी मला वाटलं, जा किंवा थांब, या एका शब्दासाठी मी शिकले, आणि तो शब्द तोंडातून काढायचं धाडस माझ्यात नाही. जा म्हणावं तर बाबा दिसत. थांब म्हणावं तर होडी.

वादळ आत आलं नाही. ते समुद्रातच विरलं. तिन्हीसांजेला कडं फाटलं तेव्हा मी "आता जा" म्हणाले, आणि गावातले बापये खाडीवर गेले. तोवर लाटांनी नांगर ओढून कित्येक होड्या जेटीच्या दगडांवर आपटल्या होत्या. हरेशची उभी चिरली होती. दुपारनंतर वारा काही परत आला नव्हता. दुपारी एक दोर टाकला असता तर ती वाचली असती, हे तो म्हणाला, गाव म्हणालं, आणि ते खरं आहे.

रात्रीच्या जेवणाच्या वेळी आईचा फोन लागला. मी काही विचारायच्या आत ती म्हणाली, "होडी गेली. पोरगा जेवतोय."

"तो गेला नव्हता?"

"जाणार कसा? मी उंबऱ्यात बसलेली. बोलले, मला ओलांडून जा." मग, जणू दुसऱ्याच कुणाला सांगावं तशी, "तवा नाय बसले ना गो."

हरेश माझ्याशी पुढचा पावसाळा उलटेपर्यंत बोलला नाही. त्याचा राग मला समजतो: वाचलेला माणूस आणि ज्याला काहीच होणार नव्हतं असा माणूस, दोघं ताटावर बसले की अगदी सारखे दिसतात. कोण कोणता, हे कुठल्याही उपग्रहाला सांगता येत नाही. मेहरासाहेबांनी ओळ काढली नाही. मीही काढू दिली नसती.

आजही दिल्लीत वारा पडतो, धूर उतरतो, आणि दूर कुठेतरी उष्ण पाण्यावर ढग गोल फिरू लागतात. मी पडद्यासमोर बसते. त्या दिवशी आमच्या गावातला एकही माणूस बुडाला नाही. ती ओळ अजून जाते, आणि "आता जा" मीच सांगते.