बाकाखालचं मेंढरू

आज संडे स्कूलमध्ये मी मुलांना बायबलचं वचन पाठ करायला लावलं नाही. येशूनं सांगितलेली हरवलेल्या मेंढराची गोष्ट खेळायला लावली: मेंढपाळ हरवलेलं मेंढरू शोधतो आणि खांद्यावर घेऊन घरी आणतो.

छोटी रूथ आमची जुनी सोलापुरी चादर पांघरून मेंढरू झाली आणि चर्चमध्ये लपली. बाकीचे सगळे मेंढपाळ. नुसता दंगा!

तेवढ्यात चर्च कमिटीतले काका आले. "टीचर, हे देवाचं घर हाय की मैदान? बंद करा आधी."

मी हाक मारली, "रूथ, ये बाहेर."

शेवटच्या बाकाखालून आवाज आला, "मी कशी येऊ? मी हरवलीय की!"

ही गोष्ट मला लहानपणापासून तोंडपाठ आहे. पण मेंढराला स्वतःहून परत येता येत नाही, हे आज पहिल्यांदा कळलं.

काका गुडघे धरत वाकले. "सापडलीस बघ. चल."

"खांद्यावर घ्यायचं असतंय," रूथ म्हणाली.

त्यांनी घेतलं! खाली ठेवल्यावर मला मात्र बजावलं, "पुढच्या रविवारी पाठांतरच घ्या."

नाही घेणार. पुढच्या रविवारी आम्ही घर सोडून गेलेल्या मुलाची गोष्ट खेळणार. त्याला परत येताना बघून धावत सुटणारा बाप काकांनाच करणार आहे.

काय वाटतं, धावतील ना?