गाळ्यांमागची गाडी

माझ्या सासरी दसऱ्याला ज्या गाडीची पूजा व्हायची ती चालत नव्हती. जुनी, पेट्रोलवरची पिकअप. पुढून जीपसारखी, मागे उघडा हौदा. अंगणाच्या कोपऱ्यात शेवग्याखाली कित्येक वर्षं उभी. लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला सासऱ्यांनी ती धुतली, झेंडूचा हार घातला, कुंकू लावलं आणि पुढच्या चाकापाशी लिंबू ठेवलं. गाडीने पुढे सरकून ते चिरडायचं अशी रीत. ही तर जागची हलणार नव्हती. मग सासऱ्यांनीच ते लिंबू आपल्या टाचेखाली चिरडलं आणि सगळे प्रसादाकडे वळले. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला हसू आलं, ते मी पदराआड दाबलं. नवी सून होते.

घर वारज्यात, रस्त्याला लागून. माझं माहेर अमरावतीकडचं. सासरची शेती मी येण्याआधीच बिल्डरला गेली होती आणि जिथे फ्लॉवर पिकायचा तिथे आता लिफ्टच्या इमारती होत्या. घरात पैसा आला होता आणि काम गेलं होतं. सासरे दिवसभर अंगणात खुर्ची टाकून बसत. मी हिंजवडीला सॉफ्टवेअर तपासायच्या नोकरीत होते. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या, नोंदवायच्या आणि दुरुस्तीला तिसऱ्याकडे पाठवायच्या. आपण मात्र कशाला हात लावायचा नाही.

नवरा सकाळी मला मोटरसायकलवरून हायवेच्या पुलापाशी कंपनीच्या बसला सोडायचा आणि संध्याकाळी तिथेच घ्यायला उभा असायचा. पाऊस असला तरी उभा. बस लांबली की फोन, "कुठपर्यंत आलीस?" मी एकदा म्हटलं, "अहो, मी गाडी चालवायला शिकते. तुमचा त्रास वाचेल." तो म्हणाला, "कशाला? मी हाय की." सासूबाई म्हणाल्या, "नशीब लागतं असा नवरा मिळायला." दोघंही खरंच बोलत होते आणि पंचाईत तिथेच होती. जाच नाही, टोमणे नाहीत, मग तक्रार कशाची करणार? पण कोथरूडला मैत्रिणीकडे जायचं तरी कुणीतरी सोडायला, कुणीतरी आणायला. चार पावलं एकटीने फिरून आले असते तर घरात चौकशी समिती बसली असती, तीसुद्धा काळजीपोटी. माझा जीव गुदमरायचा आणि कुणाचाच राग धरता यायचा नाही, म्हणून तो दुप्पट गुदमरायचा.

एका रविवारी मी सासऱ्यांना विचारलं, "मामा, हिला झालंय काय?" आमच्याकडे सासऱ्यांना मामाच म्हणतात.

"हिला व्हय? इंजान जाम हाय," ते म्हणाले. मग जरा थांबून, "आन आम्ही बी."

"खोलून बघू या?"

त्यांनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं. मोतीबिंदूमुळे त्यांना तसंच बघावं लागायचं. "हात काळं व्हत्याल."

"धुता येतात."

"बघ बया. चालू केलीस तर तुझी गाडी. शब्द हाय माझा."

त्या रविवारी मला पहिल्यांदा कळलं की मला नेमकं काय हवंय. मला एकदा तरी त्या घरातून स्वतः गाडी चालवत बाहेर पडायचं होतं, कुठे निघाले ते न सांगता. तेवढंच.

सासऱ्यांनी पलंगाखालून पान्यांची पेटी काढली. त्यांना सगळं ठाऊक होतं पण दिसत नव्हतं, मला दिसत होतं पण ठाऊक काहीच नव्हतं. असे आम्ही दोघं मिळून एक मेकॅनिक झालो. नवऱ्याचा जुना शर्ट सलवार-कमीजवर चढवून मी बोनेटखाली वाकायची. प्लग काढून त्या भोकांतून डिझेल ओतलं आणि आत मुरू दिलं. मग पुढून हँडल घालून रोज थोडं हलवायचं. "हिसडा मारू नगंस. आत काय अडकलंय ती त्याच्या चालीनं सुटू दे," ते बजावायचे. ऑफिसातून आल्यावर चहाच्या आधी मी हँडल हलवून बघायची. एका संध्याकाळी ते हातभर फिरलं. मी स्वयंपाकघरात धावत जाऊन सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं. आता भाकरीचं बघ."

मग सवयच लागली. जुन्या बाजारात सासरे नि मी रिक्षाने जायचो, सोबतीला नवरा मोटरसायकलवर मागे. कार्बोरेटर खोलून परातीत मांडला, ती परात अर्थातच नंतर स्वयंपाकातून बाद झाली. प्लगला ठिणगी पोचवणाऱ्या पॉइंटची फट बसवायची होती तेव्हा सासरे म्हणाले, "पोस्टकार्डाएवढी ठेव." मोबाइल आल्यापासून घरात पोस्टकार्ड कुठलं? लग्नपत्रिका मात्र रद्दी घालण्याइतक्या. एका कुणाच्या तरी चिरंजीवाच्या पत्रिकेची पट्टी कापून मी ती पॉइंटमधे सरकवली. "हळद कधीची हाय बघून घे," सासरे म्हणाले. प्लगच्या वायरी मी उलटसुलट लावल्या तेव्हा सायलेन्सरमधून असा बार निघाला की सासूबाईंच्या हातची पापडाची लाटी खाली पडली. त्यांनी गाडीला आणि मला एकत्रच शिव्या दिल्या. मला फार बरं वाटलं. काळजी सोडून त्या घरातल्या कुणी माझ्या बाबतीत दुसरं काही केल्याचं ते पहिलंच उदाहरण.

नखांत काळं राहायचं. ऑफिसात कीबोर्डवर ती बोटं दिसली की शेजारची मुलगी विचारायची, "मेंदी बिघडली का गं?" मी हो म्हणायची. तिथे मी दिवसाला ढीगभर चुका शोधायची आणि संध्याकाळी त्यातली एकही माझ्या हातून दुरुस्त झालेली नसायची. इथे मात्र कार्बोरेटरमधला एवढासा कचरा तारेने टोकरून काढला की उद्या तो तिथे नसायचा.

ती चालू झाली तेव्हा आधी खोकली, निळा धूर सोडला, बंद पडली, मग पुन्हा लागली आणि चालूच राहिली. मी बोनेटवर हात ठेवून उभी होते. पत्रा थरथरत होता.  स्टिअरिंगमागच्या सीटवरची धूळ सासऱ्यांनी टोपीने झटकली आणि मला म्हणाले, "बस." अंगणातल्या अंगणात त्यांनी मला क्लच शिकवला. शेवग्यापासून तुळशीपर्यंत पुढे, तुळशीपासून शेवग्यापर्यंत मागे. मी शिकाऊ लायसन्स काढलं, नवरा स्वतः घेऊन गेला. "हौस हाय तर हौस," तो म्हणाला.

त्याच दिवसांत आमच्या रस्त्याकडेच्या बाजूला गाळे उठत होते. आमच्या भागात ज्याची म्हणून रस्त्याला जागा होती तो दुकानांचे गाळे बांधून भाड्याने देत होता. जमीन गेली तरी पिकायचं काहीतरी हवं, तसे ते गाळे. खांब उभे राहिले तेव्हा मी नवऱ्याला विचारलं होतं, "अहो, मधे फाटकाची जागा सोडलीय ना?" "सोडलीय की," तो म्हणाला आणि ती खरोखर सोडलेली होती. ट्रक आत येईल एवढी. मी रोज येताजाता तिच्याकडे बघायची. पक्कं लायसन्स मिळालं की त्या मोकळ्या जागेतून डावीकडे वळायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

एका संध्याकाळी नवऱ्याच्या मागे बसून घरी आले तर त्या जागेला शटर लागलेलं. औषधांच्या दुकानवाल्याला दोन गाळे जोडून हवे होते. असा भाडेकरू पुन्हा मिळत नाही, म्हणून मधली जागाही त्याला दिली होती. कडेला एक बोळ राहिला होता, मोटरसायकल जाईल एवढा. आम्ही त्यातूनच आत आलो.

"आणि गाडी?" मी विचारलं.

नवरा खरोखर गोंधळला. "कुठली गाडी?"

"मामांची. माझी."

"हां, ती." त्याने डोकं खाजवलं. "अगं, लक्षातच नाही आलं बघ. ती कधी बाहेर जाती का?"

लबाडी असती तर मी भांडले असते. पण त्याने आयुष्यभर ती गाडी कोपऱ्यात उभी बघितली होती. सगळ्या घराने बघितली होती. चालणारी गाडी आणि बाहेर जाणारी गाडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे फक्त मला कळलं नव्हतं. सासरे खाली मान घालून बसले होते. भाड्याच्या कागदावर सही त्यांनीच केली होती. मुलाने पुढे केला, त्यांनी केली, त्यांना तर अक्षरं दिसत नव्हती.

मग भारनियमन आलं. रोज संध्याकाळी वीज जायची, ऐन गिऱ्हाइकीच्या वेळी, आणि दुकानवाले कुरकुरायचे. नवऱ्याला युक्ती सुचली. गावाकडे जीपच्या चाकावर पट्टा चढवून मळणीयंत्र चालवतात, ते त्याने पाहिलं होतं. पिकअपचं मागचं एक चाक जॅकवर उचललं, त्यावरून पट्टा घेतला आणि एका जुन्या जनरेटरला जोडला. गाडी गिअरमधे टाकली. चाक फिरू लागलं आणि गाळ्यांमधे दिवे लागले.

माझं कौतुक झालं. औषधवाल्याने पेढे पाठवले. "आमच्या हिनं इंजिन केलं," नवरा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा आणि त्याची छाती खरोखर फुगायची. इंजिनाकडे लक्ष ठेवायला सासरे ड्रायव्हरच्या सीटवर बसत. मी बोळातून आत आले की सारं अंगण धुराने आणि आवाजाने भरलेलं असायचं आणि ते काचेतून समोरच्या भिंतीकडे बघत असायचे.

"आज कुठवर गेलात, मामा?"

"खेड शिवापूर गेलं मागं," ते म्हणायचे. "आता घाट लागंल."

पहिले काही दिवस आम्ही हसलो. पुढे मी विचारणं सोडलं.

ती संध्याकाळ दिवाळीच्या आधीची. दुकानं गजबजलेली होती. मी पर्स खांद्यावर असतानाच पिकअपपाशी गेले, सासऱ्यांच्या अंगावरून हात घालून चावी फिरवली आणि काढून घेतली. एकदम शांत झालं. गाळे काळोखात गेले, बाहेरून हाका सुरू झाल्या. नवरा बोळातून धावत आला.

"काय झालं? बिघडली?"

"नाही. मी बंद केली."

"अगं, गिऱ्हाईक हाय! लाव पटकन."

"गाडी माझी आहे ना?" मी सासऱ्यांकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. "मग मला ती बाहेर न्यायचीय. रस्ता द्या, मी लावते."

"आत्ता? कुठं जायचंय तुला? सांग, सोडतो मी."

"तुम्ही नाही सोडायचं. कुठे ते मी सांगणार नाही."

सासूबाई दारात आल्या. सगळे माझ्याकडे बघत होते आणि चावी माझ्या मुठीत होती. इतकी वर्षं जे बोलता येत नव्हतं ते बोलून झालं होतं. आता काहीतरी होईल, कुणीतरी ओरडेल, मी ओरडेन, निदान भांडण तरी होईल, असं मला वाटलं. मला आनंद होत होता.

तेवढ्यात वीज आली. गाळे उजळले, पंखे फिरायला लागले, बाहेरच्या हाका थांबल्या. नवऱ्याने हुश्श केलं आणि म्हणाला, "चल, हातपाय धू. दमलीस तू." सासूबाई आत वळल्या.

त्यावर कुणी एक शब्द काढला नाही. मात्र त्याच आठवड्यात नवऱ्याने तयार जनरेटर विकत आणला, लहान, दोरी ओढून सुरू होणारा. रविवारी मी उठून अंगणात आले तर तो एकटाच पिकअपपाशी खपत होता. पट्टा त्याने उतरवला होता. जॅक हळूहळू सोडून मागचं चाक जमिनीवर टेकवलं, फडक्याने हात पुसले आणि माझ्याकडे बघून हसला. मला काय हवं होतं ते आपल्याला कळलं, याचा त्याला आनंद झाला होता.

"घे," तो म्हणाला. "झाली बघ तुझी गाडी मोकळी."

तो हे मनापासून म्हणत होता. तिन्ही बाजूंना भिंती होत्या, चौथीला गाळ्यांच्या पाठी, आणि माझा नवरा मला गाडी देत होता. मी त्याला थँक्यू म्हटलं.