बोअरच्या पाण्याची बाटली

बार्शी रस्त्याला आमच्या गावाचं सांडपाणी शुद्ध करणारं केंद्र आहे. तिथला ऑपरेटर मला रोज सकाळी फिरताना भेटतो. घरच्या आजारी म्हशीबद्दल बोलावं तसं तो टाकीतल्या पाण्याबद्दल बोलतो. "आज लई दम कोंडलाय बघा त्येचा. काळं पडलंय." टाकीत हवा सोडणारं मशीन उन्हाळ्यापासून बंद आहे. नगरपंचायतीला सांगून तो थकला. घाण तशीच ओढ्यात जाते आणि खालच्या वस्तीच्या विहिरींत झिरपते.

परवा तपासणीला प्रदूषण मंडळाचे साहेब येणार होते. नगरपंचायतीच्या इंजिनिअरने त्याला टाकीतल्या पाण्याच्या नमुन्याची बाटली बोअरच्या पाण्याने भरून ठेवायला सांगितली. याने मुकाट्याने भरली, बूच लावलं आणि चिठ्ठीवर ठळक अक्षरात लिहिलं, 'बोअरचं पाणी'.

इंजिनिअर भडकला. हा शांतपणे म्हणाला, "मग दुसरं काय लिवू? बोअरचंच हाय की."

इंजिनिअरने चिठ्ठी फाडून 'टाकीतलं पाणी' अशी दुसरी चिकटवली. त्या इंजिनिअरचा मला अजून संताप येतो. पण साहेब ती बाटली घेऊन गेले तेव्हा मीही फाटकाशीच उभा होतो, तोंड मिटून.

आज सकाळी ऑपरेटर भेटला. पाण्याबद्दल काहीच बोलला नाही.