दहाची दरखास्त

आमच्या साडूभाऊंइतकं कमी बोलून इतकी वर्षं टीव्हीवर टिकलेला माणूस उभ्या तेलंगणात सापडायचा नाही. महाराष्ट्रातही सापडायचा नाही, पण तिथलं मी छातीठोकपणे सांगत नाही, कारण त्यांचं केबल बेला गावाच्या थोडं पुढे, सरहद्दीपाशी संपतं. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे हे यजमान वीस-बावीस वर्षं रोज रात्री दहा वाजता गावच्या केबलवर एका पाहुण्याशी गप्पा मारत आलेत. गप्पा मारतात हे आपलं म्हणायचं. ते चार प्रश्न विचारतात आणि मग पाहुण्याकडे बघत बसतात. त्या चार प्रश्नांवर त्यांनी कितीतरी सरपंच येताना आणि जाताना पाहिले. कार्यक्रमाला त्यांनी काही नाव ठेवलेलं नाही. लोक त्याला ‘दहाची दरखास्त’ म्हणतात.

मूळचे ते अर्जनवीस. कचेरीबाहेरच्या कडुलिंबाखाली पत्र्याची पेटी मांडीवर घेऊन लोकांचे अर्ज लिहायचे. निजामाच्या वेळचा मसुदा त्यांना वडिलांकडून मिळालेला, त्यात त्यांनी काडीचाही बदल केला नाही. पहिल्यांदा नाव, मग वल्द, म्हणजे बापाचं नाव, मग मौजे कोणतं, आणि शेवटी शिकायत काय. लिहून झालं की अर्ज मोठ्याने वाचून दाखवायचा आणि समोरच्याने ‘बरोबर’ म्हटल्याशिवाय अंगठा घ्यायचा नाही, हा त्यांचा दंडक होता. पुढे कचेरीत संगणक आले, साडूभाऊ पेटी उचलून केबलवर आले, पण मसुदा तोच राहिला. पाहुणा कीर्तनकार असो नाहीतर ट्रॅक्टर दुरुस्त करणारा, खुर्चीत टेकला की त्याला पहिला सवाल ‘नाव?’ आणि शेवटचा ‘शिकायत काय जी?’. निरोपाच्या आधी साडूभाऊ चष्मा पुसून त्या माणसाचं सगळं आयुष्य दोन मिनिटांत त्याला वाचून दाखवतात. हातात कागद नसतो, तरी वाचल्यासारखंच. ते ऐकताना भलेभले खुर्चीत सावरून बसतात. आपलं एवढं लक्ष देऊन कोणी ऐकलं होतं, हे त्यांना तेव्हाच कळतं.

एकदा बाहेरगावाहून कचेरीत बदलून आलेले एक बडे साहेब पाहुणे होते. तेलुगू माणूस, पण मराठी बरी बोलायचे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तक्रारी ऐकलेल्या त्या माणसाला साडूभाऊंनी शिकायत विचारली, तेव्हा ते आधी मोठ्याने हसले. साडूभाऊ हसले नाहीत. ते नुसते बघत राहिले. साहेबांनी पाणी मागितलं, पंख्याकडे पाहिलं, आणि शेवटी सांगितलं की त्यांच्या सरकारी घराचं छत तीन पावसाळे गळतंय. ‘मग दरखास्त नाई केली जी?’ साडूभाऊंनी विचारलं. साहेब म्हणाले, ‘केली ना. माझ्याच टेबलावर येऊन पडली आहे.’ त्यानंतर महिनाभर ते साहेब बाजारात दिसले की लोक हटकून छताची चौकशी करायचे.

स्टुडिओ म्हणजे खताच्या दुकानावरची खोली. युरियाच्या वासाने निम्मे पाहुणे शिंकत मुलाखत देतात. कॅमेरामन होता, तो लग्न करून निर्मल शहरात गेला, तेव्हापासून कॅमेरा एका विटेवर टेकवून ठेवलेला आहे. त्यामुळे उंच पाहुण्यांचं कपाळ दिसत नाही. ओळखीचे लोक म्हणून वाकूनच बसतात. आमच्याकडची थंडी तर सगळ्यांना माहीत आहे. डिसेंबर लागला की साडूभाऊ दोन्ही पाय खताच्या रिकाम्या पोत्यात घालून बसतात, कॅमेऱ्याला ते दिसत नाही. एकदा एक महाराज आले, त्यांना नमस्कार करायला साडूभाऊ भक्तिभावाने उठले आणि पोत्यासकट उड्या मारत त्यांच्या पायांवर जाऊन पडले. महाराजांनी आशीर्वाद दिला, पण आवाज थोडा कापत होता.

मला बरीच वर्षं कळत नव्हतं की लोक हे बघतात तरी का. ते मला सासूबाईंकडे बघून कळलं. साडूभाऊ प्रश्न विचारून थांबले, की पाहुण्याच्या आधी सासूबाईच उत्तर द्यायच्या. शेंगा सोलता सोलता टीव्हीला सांगायच्या, ‘मले शिकायत हाय ना बावा, गुडघे दुखून राह्यले.’ तिकडे साडूभाऊ मान हलवायचे, इकडे सासूबाईंचं समाधान व्हायचं. मग एकदा साडूभाऊंनी भाजीवाल्या एका म्हातारीला बोलावलं. नाव, वल्द, मौजे सांगून झालं आणि शिकायतीपाशी ती जी थांबली ती बोलेचना. अर्धा तास दोघं समोरासमोर बसून राहिले. शेवटी साडूभाऊंनी वाचून दाखवलं, ‘वांगी लावते. पोरगा हैदराबादले हाय. शिकायत हाय, पन सांगत नाई. बरोबर?’ म्हातारी म्हणाली, ‘बरोबर,’ आणि पदराने डोळे पुसले. त्या आठवड्यात तिची वांगी उन्हं चढायच्या आत संपायची. लोक भाव न करता घ्यायचे.

एवढ्या कौतुकात एकच माणूस नव्हतं, ते म्हणजे माझी मेहुणी. ‘मी त नऊलेच झोपते भाऊजी,’ ती मला दर वेळी सांगायची. ‘दिवसभर यायचं थोबाड पाह्यते, आनखी रातच्याले टीव्हीवर कायले पाहू?’ साडूभाऊ हे ऐकून पानाला चुना लावत बसायचे. सगळ्या मंडलाला, म्हणजे तालुक्याला, शिकायत विचारणाऱ्या माणसाने घरात कधी विचारलं नाही की तू माझा कार्यक्रम पाहतेस का. उत्तर ठाऊक असेल म्हणून असेल, किंवा ठाऊक नसेल म्हणूनही असेल.

गेल्या पोळ्याला आम्ही नवराबायको भैंशाहून त्यांच्याकडे गेलो होतो. त्याच दिवशी केबलचे मालक येऊन गेले. मालक निर्मलचे एक शेठ, भले गृहस्थ. चहा पिता पिता साडूभाऊंना म्हणाले, ‘चाचा, अब सब मोबाइल देखते हैं. आपका प्रोग्राम कौन देखता है, आप ही बताओ.’ दसऱ्यापासून त्या वेळेला जुनी गाणी लावायची, असं त्यांच्या मनात होतं. साडूभाऊ म्हणाले, ‘मालूम करके बताता हूँ.’ मग जेवताना त्यांनी पुरणपोळी एकच खाल्ली, तेव्हा मात्र मला काळजी वाटली.

रात्री मी त्यांच्याबरोबर स्टुडिओत गेलो. पाहुणा त्यांनी बोलावलाच नव्हता. रिकाम्या खुर्चीशेजारी बसून ते कॅमेऱ्याला म्हणाले, ‘आज पाहुना नाई जी. आज शिकायत माहीच हाय. कोनी पाहून राह्यले असान त आपल्या अंगनातला लाईट दोन डाव बंद-चालू करा. मी गच्चीवरून पाह्यतो.’ एवढं सांगून ते उठले आणि जिना चढू लागले. मागे टीव्हीवर दोन रिकाम्या खुर्च्या चालू राहिल्या.

गच्चीवरून सगळं गाव दिसतं. आम्ही कठड्याला टेकून उभे राहिलो. दिवे होते तसेच जळत होते, एकही हलला नाही. मी म्हणालो, ‘लोक खाटेवरून उठतीन, चप्पल शोधतीन, येळ लागन ना भाऊ.’ त्या क्षणी मला त्या माणसाची इतकी माया आली की खाली धावत जाऊन दहा घरचे दिवे मीच विझवावेत असं वाटलं. आणि तेवढ्यात हनुमान मंदिराच्या पलीकडे एक दिवा गेला, आला. ‘मास्तर,’ साडूभाऊ म्हणाले. मग नाल्याकडे एक. ‘पीठगिरनीवाला.’ मग एकदम तीन. एक दिवा पाच मिनिटं झाली तरी बंद-चालू होतच होता. ‘तो पिऊन हाय,’ साडूभाऊ म्हणाले, पण तोही त्यांनी मोजणीत धरला. सगळे मिळून गाव भरून गेलं असं काही झालं नाही. बोटांवर मोजता येतील एवढेच होते.

त्यांचं स्वतःचं घर उजव्या हाताला, चिंचेपाशी. तिकडे त्यांनी एकदाही मान वळवली नव्हती. मी मात्र बघत होतो. माझी बायको जागी होती, पण तिला त्यांच्या घरचं बटण कुठलं आणि कशाचं, हे कधीच कळलेलं नाही. त्या अंगणातलं बटण अडकतं, ते जोरात दोनदा दाबावं लागतं, हे त्या घरात दोघांनाच माहीत. मी हळूच साडूभाऊंच्या कोपराला हात लावला. त्यांनी वळून पाहिलं. दिवा गेला. बराच वेळ अंधार राहिला, आणि आला. परत गेला, परत आला. साडूभाऊंनी कठडा दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

खाली आलो तेव्हा त्यांचं कशातच लक्ष नव्हतं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच ते चुकून पाहुण्याच्या खुर्चीत जाऊन बसले. चूक त्यांच्या ध्यानातही आली नाही. समोरची खुर्ची रिकामी, कॅमेरा चालू, आणि विचारायला कोणी नाही. तेव्हा मी विटेच्या मागे उभा राहून विचारलं, ‘शिकायत काय जी?’ माझा आवाज टीव्हीवर गेला तो तेवढाच. साडूभाऊंनी चष्मा काढला आणि पुसत बसले. मग म्हणाले, ‘होती जी. निकालात निघाली.’

शेठजींनी शेवटी आठवड्यातले दोन दिवस ठेवले, बाकीचे पाच दिवस जुनी गाणी लागतात. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी निघताना मी मेहुणीला विचारलं, रात्री अंगणातला दिवा कोणी लावला-विझवला. ती चुलीपाशी होती, तिने मान वर केली नाही. ‘पाल होती भाऊजी भितीवर,’ ती म्हणाली, ‘तिले पाहून राह्यली होती.’ ओसरीवर साडूभाऊ पानाला चुना लावत होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. आत बघत, अर्ज वाचून दाखवावा तसे ते एकच शब्द म्हणाले, ‘बरोबर.’