फुगलेली बॅटरी आणि घरात एकट्या सासूबाई

आज लेकीनं ओढून नेलं म्हणून शास्त्रज्ञांचं भाषण ऐकायला गेले. पेट्रोलचा धूर, वाढती उष्णता, त्यासाठी बॅटरीवर चाललेले प्रयोग. मला जांभया येत होत्या.

मग त्या शास्त्रज्ञ बाईंनी फुगलेल्या बॅटरीचा फोटो दाखवला. "अशी दिसली तर चार्जिंगला लावू नका. पेट घेते."

आमच्या स्कूटरची बॅटरी अशीच फुगलीय, आणि निघताना मीच ती दाराजवळ चार्जिंगला लावली होती. आत सासूबाई एकट्या, गुडघे धरलेले.

भर सभेत उभी राहून शेजारच्या लक्ष्मीअक्काला फोन लावला. "अक्का, आमच्याकडं पळ, सासूबाई एकट्या आहेत, बॅटरीच्या चार्जिंगचं बटण बंद कर!"

"तव्यावर दोसा आहे गं."

"करपू दे!"

व्यासपीठावरून बाई म्हणाल्या, "बॅटरीला हात लावू नका म्हणावं. आजींना आधी बाहेर काढा." मी तेच फोनवर ओरडले.

"झालं, बंद केलं," अक्का धापा टाकत म्हणाली. "जवळ गेलं तरी आच लागतेय. आजी बाहेर बसल्यात, मलाच शिव्या देतायत."

मग मी बाईंना सुनावलं, "हे आधी सांगायचं, धुराचं पुराण नंतर!"

"चुकलंच," त्या म्हणाल्या.

तुमची बॅटरी आत्ता कुठं चार्ज होतेय? कमेंट मागून करा. आधी उठून बघा.