समोरच्या काकांचा चंद्र

चंद्र आपला आपण उगवतो असा तुमचा समज असेल, तर तुम्ही आमच्या समोरच्या काकांना भेटलेले नाही. अमेरिकेतल्या कॅरी गावातल्या आमच्या गल्लीत (गल्ली कसली, टोकाला गोल वळण असलेला रस्ता, त्याच्याभोवती एकाच तोंडवळ्याची घरं आणि घरांमागे पाइनची उंचच उंच झाडं) चंद्र काकांच्या देखरेखीखाली उगवतो, त्यांच्या परवानगीने मोठा होतो आणि अमावास्येला त्यांनी मंजूर केलेल्या रजेवर जातो. काका मूळचे सांगलीचे. सगळी नोकरी इथल्या एका औषधांच्या कंपनीत, गोळ्यांच्या तपासणीवर. रिटायर झाल्यावर माणसं गोल्फ खेळतात, क्रूझवर जातात, नातवंडांचे फोटो जगभर पाठवून लोकांना हैराण करतात. काकांनी गोळ्या सोडल्या आणि चंद्र तपासायला घेतला.

माझी त्यांची ओळखही त्यातूनच झाली. आम्ही नुकतेच या घरात आलो होतो. सकाळी आठची वेळ, ऑफिसला उशीर झालेला, एका हातात लॅपटॉपची बॅग, दुसऱ्या हातात डबा आणि दातांत गाडीची किल्ली. समोरून एक माकडटोपीवाले गृहस्थ तरातरा रस्ता ओलांडून आले. मला वाटलं, कचऱ्याचा डबा चुकीच्या दिवशी बाहेर ठेवला म्हणून आता बोलणी बसणार. ते म्हणाले, "वर बघा." मी बघितलं. निळ्या आकाशात, चांगलं ऊन पडलेलं असताना, अर्धा चंद्र. "हा सकाळी काय करतोय?" मी किल्ली तोंडातून काढून विचारलं. काकांचा चेहरा असा खुलला की विचारू नका. "वद्य अष्टमी! मध्यरात्री उगवलाय, दुपारपर्यंत ड्यूटी. लोकांना वाटतं चंद्र नाइट शिफ्टला असतो. अहो, अर्धा महिना तो डे शिफ्ट करतो. पण मान वर करतो कोण? तुम्ही कुठल्या?" नाशिकची, म्हटलं. "मग अहो नको, अगं म्हणतो," असं जाहीर करून ते निघून गेले. त्या दिवशी मीटिंगला मी उशिरा पोहोचले आणि का उशीर झाला ते कोणालाही सांगता आलं नाही.

पुढे त्यांना कळलं की चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात अशी माझी पक्की समजूत आहे. झालं! त्यांना इतकं वाईट वाटलं की मला माझीच कीव आली. "इंजिनियर ना गं तू?" एवढंच म्हणाले आणि मला घरी बोलावलं. दिवाणखान्यातले सगळे दिवे बंद, कोपऱ्यात एक उघडा बल्ब चालू आणि माझ्या हातात बेसनाचा लाडू. "बल्ब हा सूर्य, लाडू चंद्र, तुझं डोकं ही पृथ्वी. हात लांब कर आणि जागच्या जागी फिर." मी फिरले. लाडू बल्बच्या बाजूला होता तेव्हा त्याची माझ्याकडची बाजू काळी. ती अमावास्या. थोडी डावीकडे वळले तर उजव्या कडेला उजेडाची कोर आली. "ही संध्याकाळी पश्चिमेला दिसते, सूर्याच्या मागोमाग लगेच मावळते." आणखी वळले तर अर्धा लाडू उजळला. "शुद्ध अष्टमी! दुपारी उगवतो, मध्यरात्री मावळतो." बल्बकडे पाठ केली तेव्हा लाडूवर माझ्या डोक्याची सावली. "हात वर घे, हात वर! हे ग्रहण झालं. सावली पडते ती फक्त ग्रहणात, समजलं का?" हात वर घेतला आणि पूर्ण लाडू लख्ख उजळला. पौर्णिमा. सूर्य मावळला की हा समोरून उगवणार. मला एका लाडवात ते कळलं जे शाळेच्या सगळ्या वर्षांत कळलं नव्हतं. स्वयंपाकघरातून काकू ओरडल्या, "अहो, तिला तो चंद्र खाऊ तरी द्या!"

काकूंची कथा वेगळीच. त्यांची संकष्टी असते आणि संकष्टीला चंद्र दिसल्याशिवाय जेवायचं नाही. आमच्याकडच्या निम्म्या बायका देशातून आणलेल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात चंद्रोदयाची वेळ बघतात आणि त्या वेळेला उपास सोडतात. ती वेळ मुंबईची! काकांनी एकदा गणपतीच्या आरतीला हा विषय काढला. "मुंबईत उगवला म्हणून तुम्ही कॅरीत मोदक खाता? उद्या मुंबईत पाऊस पडला म्हणून इथे छत्री उघडाल!" बायका भयंकर चिडल्या. एकीने सरळ सांगितलं, की काका, बाप्पाला चालतं, तुम्ही नका मध्ये पडू. पण काकूंची सुटका नव्हती. चंद्र उगवला तरी पाइनच्या झाडांवर यायला त्याला बराच वेळ लागतो, आणि झाडामागचा चंद्र काकांना मंजूर नाही. मग हे भुकेल्या काकूंना गाडीत घालून एका दुकानाच्या पार्किंगच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर नेतात. तिथे काकू गाडीच्या बॉनेटवर ताट ठेवून चंद्राला ओवाळतात. एकदा सिक्युरिटीवाला आला, तर त्याच्या हातात त्यांनी मोदक ठेवला. आता तो संकष्टीची वाट बघतो म्हणे. शिकागोला असणारा त्यांचा मुलगा फोनवर नेहमी म्हणतो, "डॅड, देअर इज ॲन ॲप फॉर दॅट." त्यावर काकांचं उत्तर ठरलेलं. "ॲप बघायला मान खाली घालावी लागते रे."

हे सगळं मी हसत हसत सांगतेय खरी, पण त्या दिवसांत मला हसू येत नव्हतं. बाबा गेल्यापासून आई नाशिकला एकटी होती आणि माझे इथले व्हिसाचे कागद अडकलेले. कंपनीचा वकील म्हणायचा, सध्या देशाबाहेर जाऊ नका, गेलात तर परत येण्याची खात्री देता येणार नाही. हे 'सध्या' वर्षानुवर्षं चाललं होतं. आईशी रोज बोलायचे, पण त्याला बोलणं म्हणायचं का? व्हिडिओ कॉल लावला की मला आईचं कपाळ आणि वर गरगरणारा पंखा दिसायचा. जेवलीस का, जेवले. औषध घेतलंस का, घेतलं. थंडी आहे का, आहे. मग दोघी गप्प. एकदा आई म्हणाली, "रोज नको करत जाऊ गं फोन, तुझा वेळ जातो." तो दिवस मला जन्मात विसरता येणार नाही. आईचा आणि माझा धागा माझ्या डोळ्यांदेखत सुटत चालला होता आणि मला काहीही करता येत नव्हतं.

अशातच इथल्या मराठी मंडळाची कोजागिरी आली. इथे सगळे सण शनिवारी येतात, कारण हॉल शनिवारी मिळतो. गणपती शनिवारी, संक्रांत शनिवारी, इथपर्यंत ठीक आहे, पण कोजागिरी? त्या वर्षी पौर्णिमा आठवड्याच्या सुरुवातीलाच होऊन गेलेली. शनिवारी सगळे नटूनथटून हॉलवर जमले. मसाला दूध तयार, पण चंद्राचा पत्ता नाही. तो उगवून झाडांवर येईपर्यंत हॉल रिकामा करून द्यायचा होता. मग कोणीतरी डोकं लढवलं आणि प्रोजेक्टरवर चंद्राचा फोटो लावला. सगळ्यांनी त्या पडद्याला दूध दाखवलं. काका उभे राहिले. मला वाटलं आता भांडण होणार. ते एवढंच म्हणाले, "हॉल शनिवारी मिळतो. चंद्र नाही मिळत," आणि ग्लास घेऊन बाहेर पार्किंगमध्ये गेले. का कोण जाणे, मीही त्यांच्या मागे गेले. ते अंधाऱ्या पूर्वेकडे तोंड करून उभे होते. मी म्हटलं, "काका, आमच्या गच्चीवर आई दूध आटवायची. बाबा तिला मुद्दाम म्हणायचे, साखर कमी पडली." आणि मला रडूच फुटलं.

काकांना रडणाऱ्या माणसाशी कसं बोलतात ते येत नाही. ते घाईघाईने म्हणाले, "आई किती वाजता उठते?" पाचला, म्हटलं. "गच्ची आहे अजून? पश्चिमेला मोकळं दिसतं?" दिसतं. "मग झालं तर! पौर्णिमेला इथे सूर्य मावळतो तेव्हा चंद्र पूर्वेला वर येतो. त्या वेळी नाशिकला पहाट. तिथे तोच चंद्र पश्चिमेला मावळायला टेकलेला. तुझा उगवतीचा, आईचा मावळतीचा. तासभर दोघींना एकदम दिसतो. फक्त व्हिडिओ लावू नकोस. साधा फोन कर आणि दोघी वर बघा."

पुढच्या पौर्णिमेला मी गल्लीच्या टोकाला, झाडं जरा विरळ आहेत तिथे जाऊन उभी राहिले. काका समोरच्या फुटपाथवर, मी बोलावलेलं नसताना, पाठ करून उभे. आईला फोन लावला. गच्चीवर यायला तिने कुरकुर केली, गुडघे दुखतात म्हणाली, शेवटी आली. "कुठे बघू?" "पाण्याच्या टाकीच्या बाजूला, खाली." तिच्या चपला टाकीकडे फरफटत गेलेल्या ऐकू आल्या. मग आई म्हणाली, "अगं बाई! दिसला की! तुलाही हाच दिसतोय?" "हाच." "आत्ता?" "आत्ता." आणि मग आई जी बोलायला लागली! तुझे बाबा याच टाकीला टेकून बसायचे, शेजारणीच्या सुनेला मुलगी झाली, गच्चीवर तुळस वाळली होती तिला परत पालवी फुटली. चंद्र टाकीमागे जाईपर्यंत आई बोलत होती. जाताना म्हणाली, "पुढच्या पौर्णिमेला मीच करते फोन." मी वळून बघितलं तर काका घराकडे निघाले होते, स्वतःवरच खूश होऊन.

त्यानंतर आमची पौर्णिमा कधी चुकली नाही. जून-जुलैत इथला दिवस लांबतो, चंद्र वर येतो तेव्हा तिकडे उजाडून तो मावळलेला असतो, शिवाय पावसाळा. तेव्हा काका रीतसर येऊन सांगायचे, "आता उन्हाळ्याची सुट्टी." एकदा मी काकूंना विचारलं, हे तासाभराचं गणित काकांना सुचलं कसं? काकू भाजी निवडत होत्या. "सुचलं कुठे? सांगलीला त्यांचे दादा होते ना. दर पौर्णिमेला पहाटे उठून दादा फोन करायचे, दिसला का रे म्हणून. दादा गेले. हे अजूनही त्याच वेळेला फोन खिशात घालून बाहेर जातात." मी आईशी बोलत असताना ते पाठ करून का उभे राहायचे, ते मला तेव्हा कळलं.

शेवटी एकदाचे कागद सुटले आणि मी नाशिकला गेले. आई म्हातारी झाली होती, पण तिच्याकडे सांगायला इतकं होतं, की विमानतळावरून घरी येईपर्यंत माझी बोलायची पाळी आली नाही. पौर्णिमा आली तेव्हा तिनेच मला पहाटे हलवून उठवलं. आम्ही दोघी गच्चीवर शाल गुंडाळून उभ्या राहिलो. तिचा हात माझ्या हातात होता आणि चंद्र पाण्याच्या टाकीच्या शेजारी, अगदी मी तिला फोनवर सांगितलेल्या जागी. आई म्हणाली, "आता त्यांना लाव की फोन. तिकडे उगवला असेल."

पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला. पलीकडून नुसतं "हं" आलं.

"काका, दिसला का?"

काकांनी घसा खाकरला. "दिसला. डावीकडे एक फांदी मध्ये येतेय, पण दिसला." आणि मग हळूच, "तिकडून कोणी विचारलं नव्हतं गं बऱ्याच दिवसांत."

आईने माझ्या हातातून फोन काढून घेतला. "भाऊ, नमस्कार. तुमचे उपकार कसे फेडू सांगा. माझी लेक दुरावली होती, ती तुम्ही जवळ आणून दिलीत." काकांना असलं बोलणं झेपत नाही, ते आईला पाइनच्या झाडांची उंची सांगायला लागले. तेवढ्यात इकडे चंद्र टाकीमागे खाली गेला आणि पूर्वेला उजाडायला लागलं.

मी फोन घेऊन म्हटलं, "काका, इकडे मावळला."

"मावळू दे," काका म्हणाले. "आता माझ्याकडे आलाय. मी आहे इथे. तुम्ही दोघी खाली जाऊन चहा घ्या."