गार्डसाहेबांचा अंधार

गार्डसाहेबांच्या सदऱ्याच्या खिशात पेन नसे, काळ्या चिकटपट्टीचं रीळ असे. वायरमन वापरतात ते. पहिल्यांदा माझ्या दुकानात आले तेव्हा नमस्कार करायच्या आधी त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि मी चहा सांगेपर्यंत राऊटर, इन्व्हर्टर आणि टीव्हीच्या बारक्या दिव्यांवर पट्टीचा एकेक तुकडा डकवून टाकला. "उगीच लुकलुकत्यात," ते म्हणाले. "काम करनाऱ्यानं काम करावं. दिवा कशाला दाखवायचा?"

दौंडला माझं सीसीटीव्हीचं दुकान आहे. गिऱ्हाईक येतं ते एकच विचारतं, रात्री किती लांबचं दिसतं? पाटसचा ऊसवाला असो की हायवेवरचा ढाबेवाला, प्रत्येकाला रात्रीचा दिवस करून हवा असतो. हे पहिलंच गिऱ्हाईक असं की म्हणालं, "शेठ, अंधाराला धक्का न लावता बघंल, असा कॅमेरा हाय का?" मला वाटलं, म्हातारा जरा सरकलेला आहे. सरकतं ते त्यांच्या खोलीचं छत, हे पुढे कळलं.

आडनाव इनामदार. जन्म मालगाडीच्या शेवटच्या डब्यात गेलेला. "जाता जाता रेल्वेनं आमच्या पोस्टचं नाव ट्रेन मॅनेजर केलं," ते सांगत. "मॅनेजर झालो आन् रिटायर झालो. घरी आलो तर दिलशाद म्हनली, मॅनेजरसाहेब, दळन आना." दिलशादचाची हे ऐकून दरवेळी तोंडाला पदर लावून हसायच्या, जणू आजच घडलंय.

मालगाडीला कुणी वाली नसतो. मेल गेली, पॅसेंजर गेली, मग तिचा नंबर. तोवर कुठल्यातरी आडगावाच्या लूप लाइनवर, म्हणजे बाजूच्या रुळावर, उभं राहायचं. इंजिन पार पुढे, गार्डाचा डबा पार मागे, चहूकडे काळोख. बाकीचे गार्ड डुलक्या काढत नाहीतर रेल्वेला शिव्या देत. इनामदारांनी मान वर केली आणि ती पुढे कधी खाली आलीच नाही. "पगार मिळाला गाडीचा," ते म्हणत, "आभाळ वरकड कमाई."

निवृत्तीनंतर ते भीमा ओलांडून शिरूर तालुक्यातल्या आपल्या वडिलोपार्जित तुकड्यावर राहायला गेले आणि घरापासून थोड्या अंतरावर, उसाच्या कडेला, एक खोली बांधली. आत दुर्बीण, वर पत्र्याचं छत. छत फाटकाच्या चाकांवर बसवलेलं, दोन रुळांवरून बाजूला सरकणारं. रेल्वेच्या माणसाला दुसरं काय सुचणार? बनवणाऱ्या फॅब्रिकेटरनं म्हणे तीनतीनदा विचारलं होतं की घर बांधायचंय की गाडी. वस्तीवरचे लोक त्या खोलीला वेधशाळा म्हणत आणि पाऊस कधी पडणार ते विचारायला येत. "माजी गाडी पावसाच्या लई वरनं जाती," गार्डसाहेब सांगत. त्याचाही अर्थ लोक औंदा पाऊस लांबणार असा घेत.

कॅमेऱ्याची गरज पडली ती बिबट्यामुळे. ऊसतोड सुरू झाली की बिबटे उसातून बाहेर पडतात, हे आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. चाचींनी फर्मान काढलं, दिवेलागणीनंतर खोलीकडे जायचं नाही. दुर्बीण मोटारीवर आपसूक ताऱ्यामागे फिरे आणि फोटो काढी. पण ती मध्येच अडली का, वायर गुंतली का, ढग आले का, हे घरात बसून दिसायला हवं होतं. म्हणून कॅमेरा.

पहिला मी नेहमीचा दिला. त्यात आपल्या डोळ्यांना न दिसणारा उजेड टाकणारे दिवे असतात. ते दुर्बिणीला मात्र दिसत. चार दिवसांनी गार्डसाहेब तो पिशवीत घालून परत आले. "शेठ, फोटोत सगळं धुकंच धुकं. तुमचा कॅमेरा माज्या दुर्बिनीच्या डोळ्यात बॅटरी मारतोय." दुसरा दिला त्याला कुणी हललं की फटकन पांढरा दिवा लागायचा. दुर्बीण ताऱ्यामागे हलली की त्याला चोर आल्यासारखं वाटे. "ह्यो कॅमेरा न्हाई, राखनदार हाय. त्यो बी भित्रा." मग मी एकाचे दिवेच बंद करून दिले. पडदा काळा ठिक्कर. "ह्यो लई प्रामानिक निघाला," ते म्हणाले. "काय बघत न्हाई, काय सांगत न्हाई."

शेवटी पुण्याहून एक महागातला मागवला. मोठ्या भिंगाचा, दिवा अजिबात नसलेला, चांदण्याच्या उजेडावर चालणारा. तो घेण्याआधी त्यांनी मला माझ्याच गोदामात कोंडलं, फटींवर चिकटपट्टी लावली आणि बाहेरून मोबाइलवर माझं नाक दिसतंय का ते तपासलं. दिसलं. "कॅमेऱ्याला डोळा असावा, दिवा नसावा," असं म्हणून त्यांनी त्याच्या पाठीवरच्या निळ्या टिकलीवरही पट्टी मारली. इतक्या वर्षांत मी विकलेला हा एकच कॅमेरा असेल, जो चोरासाठी नव्हता.

त्याच हिवाळ्यात बिबट्यानं वस्तीवरच्या दोन शेळ्या नेल्या. ग्रामसभेत ठरलं, वस्तीवर मोठा हॅलोजन लावायचा, रात्रभर. गार्डसाहेब उभे राहिले. आयुष्यभर गाडीच्या शेपटाला बसलेला माणूस पहिल्यांदाच पुढे येऊन बोलला. एवढा उजेड आला तर त्यांचं आभाळ संपणार होतं, आणि आभाळाशिवाय त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं. पण तसं म्हणायची सोय नव्हती. शेळ्या गेलेल्यांना आकाशगंगेचं काय कौतुक? ते म्हणाले, "माजा कॅमेरा अंधारात बघतो. जनावर आलं तर मी सांगतो की."

सरपंच बाळूआप्पा माणूस तोलून मापून बोलणारा. "ठरलं, गार्डसाहेब. तुमच्या कॅमेऱ्यात जनावर दिसलं तर दिवा. न्हाई दिसलं तर ऱ्हाऊ द्या अंधार."

म्हणजे आरोपीलाच पंच केलं.

पुढे पंधरवड्यानं मी रेकॉर्डिंगची तक्रार बघायला त्यांच्याकडे गेलो. सकाळची वेळ. चाचींनी चहा आणि गरम खारी ठेवली. आदल्या रात्रीचं चित्र पुढे सरकवता सरकवता माझा हात थांबला. छत सरकवलेल्या वेधशाळेच्या भिंतीवर बिबट्या बसला होता. आरामात, पाय दुमडून, शेपूट आत सोडून, दुर्बिणीपासून दोन हातांवर. दुर्बीण आपली ताऱ्यामागे फिरत होती, आणि तो तिच्याकडे मोठ्या आस्थेनं बघत होता.

गार्डसाहेबांनी चष्मा लावला. "वा!" ते म्हणाले. "मागं मृग बघा, शेठ. किती साफ आलाय. आन् त्यो व्याध. शिकारीला सगळेच जमल्यात."

जनावर दिसलं म्हणजे दिवा, हे आम्हा दोघांनाही कळलं होतं. ते चित्र आम्हा तिघांखेरीज कुणी पाहिलेलं नव्हतं.

"गार्डसाहेब," मी हळूच म्हणालो, "पुसून टाकू? एक बटण आहे."

चाची म्हणाल्या, "टाका की. मी काय बघितलंच न्हाई."

त्यांनी चहा संपवला. बशी पुसली, कपावर पालथी घातली. "गाडी पुढं जाती तवा शेवटचा डबा हाय का न्हाई, ते एकटा गार्ड सांगतो," ते म्हणाले. "डबा सुटलेला असताना त्यानं ऑल राइट म्हनलं, तर मागनं येनारी गाडी त्याच डब्यावर चढती." आणि ते चित्र त्यांनी स्वतःच्या बोटानं वस्तीच्या ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, 'दिवा लावा.'

आठवड्यात खांब उभा राहिला. कुठे? वेधशाळेच्या बरोब्बर समोर. बिबट्या तिथेच येतो हे खुद्द गार्डसाहेबांनी सिद्ध केलं होतं ना! नारळ फुटला, आणि मानाचा म्हणून पहिला खटका त्यांच्याच हातून दाबला गेला. वर बाळूआप्पांनी तो खटका त्यांच्याच ओट्यावर बसवला. "बाकीच्यांचा काय भरवसा? कवा लावत्याल, कवा इसरत्याल. तुमच्या हातात असला म्हंजी घोर न्हाई."

असं त्या माणसाला त्याच्या शत्रूचा राखणदार नेमलं. रोज दिवेलागणीला ते उठत, खटका दाबत, आणि आपलं आभाळ स्वतःच्या हातानं पुसून टाकत. उरले चंद्र, गुरू, शनी. "मोठी मान्सं कुठंबी दिसत्यात," ते म्हणत. "गरीब तारे गेले."

मला ते बघवेना. एकदा म्हणालो, "तासभर बंद करत जा. कुणाला कळणार आहे?"

"कुनाला कळत न्हाई," ते म्हणाले, "म्हनून तर गार्ड ठेवत्यात."

दोन वर्षं त्यांनी एकही नागा केला नाही. मग एका संध्याकाळी दिवा लागला नाही. चाची बहिणीकडे दौंडला आलेल्या. वस्तीवर कुरकुर सुरू झाली, आणि बाळूआप्पा बॅटरी घेऊन "गार्डसाहेब, इसरलात व्हय?" असं ओरडतच वेधशाळेपाशी गेले. गार्डसाहेब आत खुर्चीत होते. गेलेले. वस्तीला त्यांचं जाणं अंधारावरून कळलं.

चाळिसाव्या दिवसाचे विधी झाल्यावर चाचींनी मला कॅमेरा उतरवून न्यायला सांगितलं. त्यातली ती संध्याकाळ मी दुकानात एकट्यानं पाहिली. अजून उजेड आहे. ते छत ढकलून बाजूला करतात. दुर्बिणीवरचं फडकं काढतात, घडी घालतात. दम लागला म्हणून खुर्चीत बसतात, रुमालानं कपाळ पुसतात आणि मान मागे टेकतात. मग काही हलत नाही. उजेड उतरत जातो. एरवी याच वेळी हॅलोजन लागून सगळा पडदा पांढराफटक व्हायचा. आज कुणी खटका दाबलेला नाही. एक तारा दिसतो, मग चार, मग मोजता येणार नाहीत इतके, आणि खाली त्यांचा वर केलेला चेहरा, अगदी ओळखू येईल असा. मी हमसून हमसून रडलो.

कॅमेरा चांगला निघाला होता. त्याला दिवा लागला नाही.